विमानाचं जुनं इंजिन सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपच्या दाराशी विमानाचं एक इंजिन उभं असायचं. नऊ सिलिंडर, गोल मांडणी, खाली लोखंडी चौकट. हार्वर्ड विमानाचं असावं, असं सर सांगायचे. एका वर्षी मोठे पाहुणे येणार म्हणून आदल्या आठवड्यात भिंतींना डिस्टेंपर, कुंड्यांना गेरू आणि इंजिनाला रुपेरी रंग लागला. रंगाऱ्यानं हात राखला नाही. सिलिंडरवरच्या पातळ पात्या, प्लगच्या वायरी, तांब्याच्या नळ्या, रबरी होज, नटबोल्ट, सगळं एकसारखं चकाचक. पुढच्या बाजूला धातूची एक छोटी पाटी होती, तिच्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक ठोकलेला. तीही रंगात गेली. पाहुण्यांनी इंजिनाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

आम्हालाही ते तेव्हा छानच दिसलं होतं. त्या एका दुपारी इंजिनाचं जेवढं नुकसान झालं, तेवढं आधीच्या पंचवीस पावसाळ्यांत झालं नसेल, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख. विमानाची जुनी इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग जमवणारे लोक जगभर आहेत. त्यातले काही संग्रहालयांत पगारावर काम करतात, काही निवृत्त फिटर आहेत, काही नुसतेच वेडे. त्यांची सगळी खटपट कशासाठी चालते, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

चालवायचं की ठेवायचं?

इंजिन हाती आलं की पहिल्याच दिवशी हे ठरवावं लागतं, कारण दोन्ही वाटा पहिल्या पान्यापासून वेगळ्या होतात. चालवायचं असेल तर झिजलेलं सगळं बदलायला हवं: पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, वॉशर, रबरी नळ्या, गॅस्केटं. तिथं भावनेला जागा नाही, कारण वर हवेत माणूस बसलेला असतो. पण बदललेल्या प्रत्येक भागाबरोबर मूळ इंजिनातलं काहीतरी कमी होतं. ठेवायचं असेल तर उलट. झिजलेली रिंग हीच तिथं माहिती असते. ती बदलली तर इंजिन किती चाललं, कसं चाललं, कुठलं तेल खाल्लं, हे सांगणारा साक्षीदारच आपण हाकलून दिला.

इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रह आहे. तिथलं 1909 चं ब्लेरिओ विमान तीन सिलिंडरच्या आपल्या मूळ आंझानी इंजिनावर अजून जमीन सोडतं. वारा पडलेला असेल तरच, आणि धावपट्टीच्या वर थोडंसं उचलून परत खाली, एवढंच. पण सोडतं. दुसऱ्या टोकाला दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातलं वापिती. या जातीचं जगात उरलेलं हे एकच विमान. त्याचं इंजिन सुरू करून बघू या, असं कुणी म्हणालं तर त्याला दाराबाहेरच थांबवावं.

माझं मत विचाराल तर हिशेब सोपा आहे. ज्याचे भाऊबंद ढिगानं आहेत ते चालू द्यावं, एकुलतं एक असेल त्याला हात लावू नये. डकोटा विमानाला लागणारं प्रॅट अँड व्हिटनीचं आर-1830 हे इंजिन 1,73,000 च्या वर तयार झालं. त्यातली काही अजून उडाली तर इतिहासाचं काही बिघडत नाही, उलट आवाज ऐकायला मिळतो.

इंजिन आतून सडतं

गंज म्हटलं की डोळ्यांसमोर बाहेरून तांबडं पडलेलं लोखंड येतं. इंजिनाला गंज आधी आत लागतो, आणि ते बंद केलं त्याच दिवसापासून लागायला लागतो. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. इंजिन तापलेलं असेपर्यंत ती धुराबरोबर निघून जाते. थंड झालं की उरलेली वाफ सिलिंडरच्या भिंतींवर आणि तेलात उतरते. त्यात त्या काळच्या विमानी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत, म्हणजे इंजिन ठोके न देता जास्त दाबावर चालायचं. हे शिसं आत साठून प्लग चोंदू नयेत म्हणून जोडीला ब्रोमिनचं संयुग असायचं. हे सगळं जळून पाण्याला भेटलं की थोडं थोडं आम्ल तयार होतं. सिलिंडरची आतली भिंत म्हणजे आरशासारखं घासलेलं पोलाद. त्यावर आम्लाचे बारीक खड्डे पडतात. बाहेरून इंजिन नवरदेवासारखं दिसत असतं, आत भिंतीला देवी आलेल्या असतात.

म्हणून विमानाचं इंजिन बरेच दिवस ठेवायचं असेल तर मेकॅनिक ते ‘इनहिबिट’ करतात. शेवटचं चालवताना त्यात गंजरोधक तेल घालतात. मग प्लग काढून त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेच तेल फवारतात. प्लगच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचे खास प्लग बसवतात, त्यांच्यात सिलिका जेलचे दाणे असतात. बुटांच्या खोक्यात जी पुडी निघते तोच माल. कोरडे असताना हे दाणे निळे दिसतात, ओल शोषली की गुलाबी होतात. इंजिनाभोवती फेरी मारली की कळतं: सगळे प्लग निळे असतील तर चहा प्यायला हरकत नाही, दोन गुलाबी दिसले तर ते बदलायचे आणि हवा कुठून आत शिरतेय ते शोधायचं. हवा आत घेणारं तोंड, धूर सोडणारं तोंड, श्वासनळी, सगळी भोकं बंद करायची. दुसऱ्या महायुद्धात इंजिनं समुद्रमार्गे पाठवत तेव्हा अख्खं इंजिन ओल न शिरणाऱ्या पिशवीत घालून, आत सिलिका जेल ठेवून मग पेटीत बंद करत.

इथं दोन चुका हमखास होतात. दोन्ही प्रेमापोटी.

पहिली, ‘अधूनमधून पाच मिनिटं चालू करून ठेवतो’. पावसाळ्यात बंद असलेली स्कूटर आपण रोज किक मारून जरा वेळ फुरफुरवतो, तसं. पाच मिनिटांत इंजिनात पाणी तयार होतं, पण ते तेलातून उडवून लावण्याइतकं तेल तापत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी आत आणखी थोडी ओल आणि आणखी थोडं आम्ल. चालवायचं तर तेल नीट तापेपर्यंत चालवा, नाहीतर अजिबात नको.

दुसरी चूक, येता-जाता विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हातानं फिरवणं. पाहुण्यांना दाखवायला हे फार आवडतं. ‘बघा, अजून फिरतंय!’ फिरतंय खरं, पण पिस्टनच्या रिंगा भिंतीवरचा तेलाचा पापुद्रा पुसून नेतात, आणि संध्याकाळी दमट हवा थेट उघड्या पोलादावर बसते.

खालच्या सिलिंडरांचं दुखणं

विमान सुरू करण्याआधी मात्र पंखा हातानं फिरवावाच लागतो. हे वरच्या परिच्छेदाच्या उलट वाटेल, पण कारण वेगळं आहे. रेडियल इंजिनात सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे चहूबाजूंना असतात. मधे एकच क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या ये-जेनं फिरणारा वाकडा दांडा. एक मुख्य कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो आणि बाकीचे त्या रॉडला. ही मांडणी आखूड आणि हलकी असते, हवेनंच थंड होते, गोळी लागून एखादा सिलिंडर गेला तरी बरेचदा घरापर्यंत आणते. पण त्यामुळे काही सिलिंडर जमिनीकडे डोकं करून लटकलेले असतात. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू पाझरत रिंगांमधून त्यांच्यात उतरतं.

हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. स्टार्टर मारला, पिस्टन खाली आला, आत वाटीभर तेल बसलंय. पिस्टन थांबतो, बाकीचं इंजिन थांबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी सिलिंडरचं डोकं उखडतं. वाईट म्हणजे कधीकधी रॉड थोडासाच वाकतो, इंजिन सुरू होतं आणि मोडतं पुढं केव्हातरी हवेत.

म्हणून डकोटाजवळ सकाळी हे दृश्य दिसतं: एक माणूस पंख्याचं पातं खांद्याएवढ्या उंचीवर धरून ओढतो, सोडतो, पुढचं पातं येतं, ते ओढतो. दुसरा मोजत असतो. प्रत्येक सिलिंडरची पाळी होईपर्यंत. मधेच हाताला घट्ट लागलं की थांबायचं. जोर लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उलटं फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की तेल आत येणाऱ्या हवेच्या नळीत जातं, पंखा मोकळा झाल्यासारखा वाटतो, आणि इंजिन सुरू झालं की तेच तेल परत ओढलं जातं. योग्य मार्ग एकच: खालच्या सिलिंडरचा प्लग काढायचा, खाली पत्र्याचा डबा धरायचा, तेल गळू द्यायचं, प्लग परत लावायचा. एका आर-1830 ला चौदा सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे अठ्ठावीस. डकोटाला अशी दोन इंजिनं. सकाळ कशी जाते ते यावरून समजून घ्या.

आपल्या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात असं एक डकोटा आहे. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन ते 2018 मध्ये भारतात उडत आलं. ‘परशुराम’ हे त्याचं नाव. शेपटीवर व्हीपी 905 हा क्रमांक आहे, तो ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाची आठवण म्हणून. विमान तेच नव्हे, क्रमांक तो. संग्राहकांच्या जगात हा फरक स्पष्ट सांगणं हा शिष्टाचार आहे, आणि तो पाळला नाही की भांडणं होतात.

हे उलट्या सिलिंडरचं दुखणं फक्त रेडियलचं नाही. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमानातून. त्याच्या जिप्सी इंजिनाचे चारही सिलिंडर खाली डोकं वर पाय असेच होते. वैमानिकाला समोरचं दिसावं म्हणून इंजिन उलटं टांगलं होतं.

एरंडेलाचा वास

सगळ्यात आधीच्या पिढीतल्या इंजिनांचा त्रास निराळाच, आणि मला तो सर्वांत आवडतो. 1909 च्या सुमाराला फ्रान्समध्ये ग्नोम नावाचं इंजिन आलं. सात सिलिंडर, पन्नास अश्वशक्ती. दिसायला रेडियलसारखंच, पण इथं क्रँक विमानाला पक्का बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरणारे. फिरल्यामुळे ते आपोआप थंड व्हायचे. पेट्रोलमिश्रित हवा क्रँकच्या पोटातूनच सिलिंडरमध्ये जायची. तिथं साधं खनिज तेल घातलं तर ते पेट्रोलात विरघळून धुऊन जायचं. पेट्रोलात न विरघळणारं आणि उष्णतेला टिकणारं एक तेल तेव्हा सहज मिळत होतं: एरंडेल. तेच, आपल्याकडे आजी लहानपणी नाक दाबून पाजायची ते.

हे तेल परत टाकीत यायची सोयच नव्हती. एकदा वापरलं की धुराबरोबर बाहेर, वैमानिकाच्या चष्म्यावर, मफलरवर आणि नाकातोंडात. त्याचा पोटावर काय परिणाम व्हायचा याच्या गोष्टी पहिल्या महायुद्धातले वैमानिक चवीनं सांगत. त्या रंगवलेल्या असतीलही, पण एरंडेल घेतलेल्या कुणालाही त्या अगदी अशक्य वाटणार नाहीत.

शंभर वर्षांनंतर तेच एरंडेल संग्राहकाच्या मुळावर येतं. हवेशी संयोग होत होत ते लाखेसारखं कडक आणि तपकिरी होतं. रिंगा त्यात चिकटून बसलेल्या असतात, व्हॉल्व्ह बसलेले असतात. वरून इंजिन जाम झालंय असं वाटतं, आणि उत्साही माणूस लांब पाइप घालून पाना ओढतो. काहीतरी तुटतंच. शहाणा माणूस ते भिजत घालतो आणि आठवडे, कधी महिने वाट बघतो. ठेवायचंच इंजिन असेल तर तो तपकिरी थर काही ठिकाणी मुद्दाम तसाच राखतात, कारण तेल कुठून कुठं वाहत होतं याचा तोच नकाशा असतो.

एका इंजिनात चार स्वभावांचे धातू

सिलिंडर पोलादाचा, त्याचं डोकं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, बेअरिंगात शिसं, कांसं किंवा चांदी, आणि मागची काही आवरणं मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम वजनाला फार हलकं, म्हणून विमानवाल्यांचं लाडकं. पण पोलादाचा बोल्ट त्यात घातला आणि सांध्यात खारट ओल शिरली की दोघांत मिळून एक बारीकशी बॅटरी तयार होते, आणि तीत झिजतं ते मॅग्नेशियम. पांढरी पावडर सुटायला लागते. बोट फिरवलं तर खडूसारखी लागते. बोल्ट जसाच्या तसा, त्याच्याभोवतीची भिंत गायब.

दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, 1998 मध्ये सुरू झालेलं. गोव्याला गेलात आणि समुद्रकिनाऱ्यातून सवड मिळाली तर जरूर जा. मोठी विमानं उघड्यावर उभी आहेत. त्यातलं सुपर कॉन्स्टेलेशन तर आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, मग नौदलाचं. त्याला राइट कंपनीची अठरा सिलिंडरची चार इंजिनं. या इंजिनात बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेवर तीन छोट्या टर्बाइन बसवल्या होत्या, त्या फुकट जाणारी ताकद पकडून परत क्रँकला द्यायच्या. पिस्टन इंजिनाची अक्कल जिथवर पोचली ते हे शेवटचं टोक म्हणावं लागेल. त्याच्या पुढं जेट आलं आणि ही सगळी कारागिरी एका फटक्यात जुनी झाली.

आता ही विमानं उभी आहेत कोकणपट्टीच्या हवेत. चार महिने धो धो पाऊस, बारा महिने खारा वारा. घराच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवणाऱ्या कुठल्याही गोंयकाराला विचारा. समुद्राकाठी विमान उघड्यावर ठेवणं म्हणजे मिठाची बरणी झाकणाशिवाय ठेवण्यासारखं. छपराखाली ठेवलेल्या इंजिनांचं नशीब त्या मानानं बरं.

लिंबूसत्त्व, अक्रोड आणि हात आवरणं

साफसफाई हा सगळ्यात मोहाचा भाग. मळकट वस्तू हातात आली की घासावीशी वाटतेच. वाळूचा मारा केला तर दहा मिनिटांत इंजिन नवं दिसतं, आणि त्याच दहा मिनिटांत बोल्टांवरचा कॅडमियमचा मुलामा, कारखान्यातल्या तपासनिसाचा रंगीत ठिपका, हातानं मारलेले खुणेचे आकडे, सगळं उडून जातं. म्हणून जिथं मारा करायचाच, तिथं अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भरडा वापरतात. तो काजळी काढतो, धातूला बोचत नाही. बाकी काम मऊ ब्रश, कापसाचे बोळे आणि रॉकेलसारखा सौम्य द्रावक. वेळ लागतो. लागू द्यावा.

यातलं माझं आवडतं उदाहरण समुद्राच्या तळाचं आहे. 1940 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळ एक जर्मन डॉर्निअर बॉम्बफेकी विमान पडलं. 2013 च्या जूनमध्ये ते इंजिनांसकट वर काढलं. तळाशी असताना ते बरं होतं. हवेत आल्यावर मात्र त्याच्या आत मुरलेलं मीठ आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन काही महिन्यांत त्याचा भुगा केला असता. मग कॉसफर्डच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आपल्याकडच्या पॉलीहाउससारखे प्लास्टिकचे बोगदे उभारले आणि आत त्याच्यावर पाणी फवारत ठेवलं. पाण्यात काय होतं? सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे पुडीत मिळणारं लिंबूसत्त्व. ते फार आंबट होऊन धातूच खाऊ नये म्हणून अल्कली घालून सौम्य केलेलं. तांब्याचा बंब चिंचेनं घासणाऱ्या बाईला हे रसायनशास्त्र निराळं शिकवायला नको.

आणि कधीकधी गंजका, हलक्या प्रतीचा भाग हाच खरा ऐवज असतो. जर्मनीच्या मेसरश्मिट 262 या लढाऊ जेटचं युमो 004 इंजिन घ्या. युद्धाच्या अखेरीस जर्मनीला निकेल आणि क्रोमियम मिळेनासं झालं. मग सगळ्यात तापणारे भागसुद्धा साध्या पोलादाचे केले आणि जळू नयेत म्हणून त्यांना वरून ॲल्युमिनियमचा लेप दिला. असं इंजिन जेमतेम पंचवीस तास टिकायचं, पुष्कळदा तेवढंही नाही. आज कुणी त्याचा कुजलेला पत्रा काढून छानसा स्टेनलेस स्टीलचा घातला, तर इंजिन सुंदर दिसेल. फक्त एका देशाचं धातूचं दिवाळं कसं वाजलं होतं, ते त्यातून पुसलं जाईल.

सुटे भाग: कुणाचं काळीज कुणाच्या छातीत

राइट बंधूंचं 1903 चं विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचं बारा अश्वशक्तीचं इंजिन त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर यानं सहा आठवड्यांत घडवलं होतं. पहिल्या उड्डाणांच्याच दिवशी वाऱ्यानं विमान उलटलं आणि इंजिन मोडलं. पुढं 1906 मध्ये त्याचा क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील न्यू यॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवले, ते परत आलेच नाहीत. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध विमानाच्या इंजिनात आज दुसऱ्या इंजिनाचे भाग आहेत. तेव्हा ‘संपूर्ण मूळ’ असं इंजिन विकायला आलेल्या माणसाकडे जरा हसून बघावं.

आपल्याकडची गोष्ट याहून भारी आहे. महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमानांचा ढीग पडून होता. अमेरिकेशी झालेल्या कराराप्रमाणे ब्रिटिशांनी ती पुन्हा वापरता येऊ नयेत अशी मुद्दाम मोडून टाकली होती. स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि हातात पैसा नव्हता. एचएएलच्या, म्हणजे बंगळूरच्या विमान कारखान्याच्या लोकांनी त्या ढिगातून एकाचं हे, दुसऱ्याचं ते घेत एकेक विमान कसंबसं उडण्याजोगं केलं. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली आणि तिथं त्यांची नीट दुरुस्ती झाली. अशी सुमारे 40 विमानं उभी राहिली. प्रत्येकाला चार इंजिनं, तीही त्याच आर-1830 घराण्यातली. घराणं एक असलं तरी डकोटाचा प्रत्येक भाग लिबरेटरला चालतो असं नाही. भावाचा शर्ट अंगाला होतो, चप्पल होईलच असं नाही.

ही लिबरेटरं पुण्याला लोहगावलाही होती. समुद्रावर टेहळणी करायची आणि परत यायची. 1968 मध्ये ती निवृत्त झाली तोवर जगात दुसऱ्या कुठल्या हवाई दलात लिबरेटर उरलं नव्हतं. मग जगभरच्या संग्रहालयांचे डोळे इकडे वळले. एक कॅनडाला गेलं, त्याच्या बदल्यात आपल्याला लायसँडर विमान मिळालं. एक अमेरिकेत ॲरिझोनाला, एक 1974 मध्ये ब्रिटनच्या संग्रहालयाला. म्हणजे ज्यांनी ती मोडून टाकली होती, त्यांनीच ती नंतर आनंदानं मागून नेली. यात मला दरवेळी थोडं हसू येतं.

सुटे भाग ओळखताना आटे हा एक वेगळाच छळ आहे. रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन इंग्लंडमध्ये पुरेना म्हणून अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 55,000 च्या वर बनवलं. अमेरिकेत आटे अमेरिकी पद्धतीचे. पण बोल्ट दोन्ही इंजिनांना चालले पाहिजेत म्हणून पॅकार्डनं ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, स्वतःच तयार करून घेतली. आपल्याकडचे जुने फिटर अजून ‘चार सुताचा बोल्ट’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो हिशेब ज्याच्या बोटांत आहे त्याला जुन्या ब्रिटिश इंजिनासमोर उभं करा, तो मेट्रिक शिकलेल्या पोराच्या आधी योग्य पाना उचलेल.

पाटी, कागद आणि रबर

इंजिनाच्या पाटीवरचा अनुक्रमांक म्हणजे त्याचं आधार कार्ड. त्यावरून ते कुठल्या कारखान्यात कधी झालं हे लागतं, आणि लॉगबुक सापडलं तर कुठल्या विमानावर किती तास चाललं, कधी उघडलं, काय बदललं हेही. उडवायच्या इंजिनासाठी तर कागद नसलेला भाग म्हणजे कितीही चकचकीत असला तरी भंगार. त्याच्या आत बारीक तडा आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंजिन उघडताना पहिलं हत्यार पाना नसतं, कॅमेरा असतो. आधी फोटो, मग भागाला चिठ्ठी, मग काढायचं. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली लॉकिंग वायर कुठल्या बाजूनं पिळलेली होती, हेसुद्धा टिपून ठेवणारे लोक असतात. ती पिळण्याची प्रत्येकाची लकब असते.

रबर मात्र वाचत नाही. नळ्या आणि सील कडक होऊन तडकतात. प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोच्या आतलं वायरीवरचं लाखेचं आवरणही ओल धरतं. ते मरणारच हे मान्य करून एक नमुना पाकिटात जपायचा, बाकी बदलायचं.

पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो. तिथं आणि तसल्या भंगाराच्या गल्ल्यांत विमानाचे भाग अधूनमधून निघतात. एखादा व्हॉल्व्ह हाती लागला तर एक कराच: तो कापू नका. मोठ्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते आणि आत सोडियम धातू भरलेला असतो, उष्णता वाहून न्यायला. सोडियमला पाणी लागलं की भडका उडतो. रात्री चमकणारी तबकडी असलेलं जुनं मीटर असेल तर काच उघडू नका. तो हिरवट-पिवळा रंग रेडियमचा असू शकतो आणि आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. धुराच्या नळीवरचं पांढरं कापडी वेष्टन ॲस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता दाट. आणि सोनेरी झाक असलेले बोल्ट कोरडे घासू नका, कॅडमियमची धूळ फुप्फुसात गेलेली बरी नव्हे. भाग मेणकागदात, वर थोडं ग्रीस, आणि वर्तमानपत्राऐवजी साधा कोरा कागद. वर्तमानपत्र ओल धरतं.

मागच्या वर्षी कॉलेजात जाणं झालं. इंजिन अजून तिथंच आहे, आता त्याच्यावर पिवळ्या रंगाचाही एक थर चढलाय. परवानगी काढून मी ॲसिटोन आणि कान कोरायच्या कापूसकाड्या घेऊन पाटीशी बसलो. दोन तासांत पिवळा गेला, मग रुपेरी. ‘प्रॅट अँड व्हिटनी’ वाचता आलं, ‘आर-1340’ वाचता आलं, म्हणजे सर म्हणत होते ते बरोबर असावं, हार्वर्डला हेच इंजिन लागायचं. अनुक्रमांकाचे पहिले आकडेही दिसले. शेवटचे दोन मात्र कितीही वाकडी मान करून, टॉर्च आडवा धरून पाहिलं तरी लागेनात. रंग नीट बसावा म्हणून रंगाऱ्यानं आधी पाटीला पॉलिश पेपर मारून घेतला होता.